पोत्यातली अक्षरं

"हातात आहे त्यातूनच काढायचं. बाहेरचं अक्षर घ्यायचं नाही."

बोर्डवाला हे उठता-बसता म्हणायचा. गिऱ्हाइकाला, मुलीला, शिडीवर चढताना स्वतःलाच. एखादं दुकान बंद पडलं की मालक पाटीकडे मान वर करून बघत नाही. अशा वेळी हा शिडी खांद्यावर टाकून जायचा, पत्र्याची इंग्रजी अक्षरं एकेक करून सोडवायचा आणि फडक्याने पुसून पोत्यात भरायचा. नवी अक्षरं कापून देणारे बाजारात पुष्कळ होते. याच्याकडे यायचे ते जुन्यात भागवणारे, आणि त्यांच्या दुकानाचं नाव या पोत्यातूनच निघायचं.

त्याला स्वतःला इंग्रजी येत नव्हतं. एम उलटा टांगला की डब्ल्यू होतो, इतपतच त्याची विद्या. शब्द शोधायची त्याची बायको. शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. संध्याकाळी तो फरशीवर पोतं रिकामं करायचा. समोर माझं इस्त्रीचं दुकान. तो खणखणाट कानावर आला की मला कळायचं, आज कुणाचं तरी शटर कायमचं खाली आलं.

"काय राजे, आज कुणाला बुडवून आलात?" बाई विचारायच्या.

"शिंप्याला."

"अरेरे! शिवायचा छान, फक्त द्यायचा नाही."

मग बाई मांडी घालून बसायच्या, डोळे अर्धे मिटायच्या आणि फरशीवर बोट गोल गोल फिरवायच्या. बोट थांबलं की शब्द सापडला समजायचं. शिंप्याच्या 'टेलर्स'मधून त्यांनी 'सोलर' काढला, तो उन्हावर पाणी तापवणारे बंब विकणाऱ्याच्या दारावर अजून आहे. टी आणि आय तेवढे उरले, तेव्हा बोर्डवाला हळहळला.

"राहू देत की," बाई म्हणाल्या. "मुलगी लग्न होऊन गेल्यापासून आपणही दोघंच उरलोय. आपल्याला कुणी भंगारात घातलं का?"

त्यानंतर बाईंचं मन कुठून तरी उसवत गेलं. पाव आणायला गेल्या आणि जुन्या शाळेच्या फाटकाशी सापडल्या. शेगडी पेटवून विसरल्या. एकदा माझ्याच दुकानात येऊन त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. मीही मुकाट उभा राहिलो. शेवटी मुलगी आली, ती रिकामी बॅग घेऊनच.

"बाबा, आईला मी माझ्याकडे नेते."

"का? मी मेलोय का?"

"तुम्ही दिवसभर शिडीवर. ती रस्त्यावर गेली तर?"

"उतरेन की खाली!"

"तुम्ही उतरेपर्यंत ती कुठल्या कुठे जाईल."

बोर्डवाल्याने रिकाम्या बॅगेकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिला अजून शब्द सापडतो. ज्या दिवशी सापडणार नाही, त्या दिवशी ने. मी हूं का चूं करणार नाही."

"मग आत्ताच बघू," मुलगी म्हणाली. "सापडला तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही."

मला साक्षीला बोलावलं. सकाळीच त्याने वह्या-पेनं विकणाऱ्याची 'स्टेशनर्स'ची पाटी उतरवून आणली होती. त्याने पोतं पालथं केलं. बाई आतून आल्या, अक्षरांकडे पाहिलं आणि खाली बसल्या.

"नाश्त्याचं दुकान निघतंय," तो म्हणाला.

बाईंनी डोळे अर्धे मिटले. बोट फिरायला लागलं.

"स्टोन," बाई म्हणाल्या. "स्टोअर. नेस्ट." बोट थांबलं. "नाश्त्याचं ना? मग टोस्ट घ्या." त्यांनी अक्षरं निवडून पुढे सरकवली.

बोर्डवाल्याने मांडीवर थाप मारली. "बघितलंस? बघितलंस ना?" मुलगी हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

बाईंनी उरलेली अक्षरं गोळा केली, पोत्यात भरली आणि पोतं त्याच्या हातात दिलं.

"भाऊ, मिळालं ना तुमचं काम? निघा आता. आमच्या घरचे येतील."

तो हसला. थट्टा वाटली असावी. "कोण येतील?"

"आमच्या घरचे. तेही बोर्ड लावतात. ओळखत असाल तुम्ही." मग मुलीच्या कानाशी तोंड नेऊन त्या म्हणाल्या, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "हा माणूस रोज येतो गं. सांगितलं तरी जात नाही. मला भीती वाटते याची."

मुलीने शब्द पाळला, विषय पुन्हा काढला नाही. बोर्डवाल्यानेच कपाट उघडलं. बाईंचे कपडे एकेक करून घडी घातले आणि बॅगेत ठेवले.

"बाबा, तुम्ही जिंकलात," मुलगी म्हणाली.

"हो ना. पण तिला घाबरवून घरात कशी ठेवू?"

मुलीने त्यालाही चला म्हणून पुष्कळ विनवलं. तो म्हणाला, "तिथेही मी परकाच. ती दारामागे लपेल."

आता तो रविवारी मुलीच्या गावी जातो, पोतं घेऊन. पाहुणा म्हणून दारात उभा राहतो. एकदा मीही सोबत गेलो. बाईंनी आमचं छान स्वागत केलं, शब्द शोधून दिले, चहा विचारला.

"घरचे दिसत नाहीत?" त्याने विचारलं.

"कामावर गेलेत. उशीर झाला आज." बाईंनी फाटकाकडे पाहिलं. "शिडीवर चढले की त्यांना भान राहत नाही."

"येतील," तो म्हणाला. "मग निघतो मी, बाई."

"या, भाऊ."

बाई आत गेल्या. मी चपला घालत मागे राहिलो. तो पोतं खांद्यावर घेऊन रस्त्याला लागला. मध्येच थांबला, खांदा बदलला आणि चालत राहिला. मुलगी फाटकाला धरून उभी होती. वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं त्याच्या पाठीकडे बघत होतो.