ओलिव्हच्या अंगणातली दोरी

हिवाळा लागला की हंबर नदीत भरतीबरोबर समुद्रातला कॉड वर येतो. पाणी बघाल तर चहाच्या चोथ्यासारखं गढूळ, पण मासा येतो. हल शहरातल्या सिरिल ब्लेंकिनने उभा जन्म या माशामागे घालवला. तरुणपणी मासेमारीच्या ट्रॉलरवर, पार आइसलंडपर्यंत. म्हातारपणी काठावर गळ टाकून. हौस म्हणाल तर नावाला नव्हती. दर हिवाळ्यातला पहिला मोठा कॉड तो वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि मागच्या गल्लीतल्या ओलिव्ह स्केफच्या दारी नेऊन द्यायचा. एवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

ओलिव्हचा नवरा अर्नी सिरिलच्या जागी बोटीवर चढला होता. ऐन वेळी सिरिलच्या पोटात कळ आली, अर्नी धक्क्यावर काम शोधत उभाच होता, त्याला घेतलं आणि बोट सुटली. ती माणसांसकट बुडाली. गल्लीला ठाऊक होतं ते एवढंच. पोटातली कळ खोटी होती, हे सिरिलला आणि त्याच्या बायकोला, मेव्हिसला माहीत. मेव्हिसही आता देवाघरी गेली होती.

ओलिव्ह मासा घ्यायची, "बरं" म्हणायची, दार लावायची. बाई कमी बोलणारी. घरचा रुमालसुद्धा घरी धुवायची नाही, गाठोडं घेऊन लाँड्रीत जायची. "राणीसाहेब निघाल्या," असं मेव्हिस खिडकीतून म्हणायची. ओलिव्हच्या अंगणातली दोरी बारा महिने रिकामी.

यंदा सिरिलची बोटं पार आखडली. किडा गळाला लावायचा तर अर्धा गळ स्वतःलाच टोचायचा. हा शेवटचा हिवाळा, हे त्याने ओळखलं. मासा संपला की कोणत्या तोंडाने तिच्या दारात उभं राहायचं? जीव जळत होता तो त्यापायी.

"काय सिरिल, माशांना आमंत्रण धाडलंयस का?" शेजारी गळ टाकून बसलेल्या डेनिसने विचारलं.

"तुझं थोबाड दिसतं म्हणून येत नाहीत," सिरिल म्हणाला.

भरती चढली आणि त्याच्या गळाच्या काठीचं टोक दोनदा वाकलं. डेनिस मदतीला उठला.

"बस खाली. हा माझा मलाच काढू दे."

हाताने जमेना तेव्हा त्याने काठी काखेत दाबली आणि चिखलात मागे मागे चालत मासा ओढला. चांगला थोराड कॉड होता. आनंद व्हायला हवा होता, पण त्याला रडू आलं.

"यंदा उशीर केलास," ओलिव्ह दारात म्हणाली.

"हा शेवटचा, ओलिव्ह. हात चालत नाहीत आता."

तिने मासा घेतला, पण दार लावलं नाही. "मग जाता जाता एक सांग. तेव्हा पोट खरंच दुखत होतं का रे तुझं?"

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं. सिरिलला खोटं बोलवेना.

"नाही. मेव्हिस शेतावरची पोर, नवी नवरी. नवरा बोटीवर निघतो त्या दिवशी कपडे धुतले तर माणूसही धुऊन जातो, हे तिला कोण सांगणार? मी कोपऱ्यावरून मागे पाहिलं, तर चादर दोरीवर टपटपतेय. चादरीला भ्यालो मी, आणि लोकांना पोट सांगितलं."

ओलिव्ह मासा कवटाळून तशीच पायरीवर बसली.

"मीही धुतले होते," ती म्हणाली. "काम बघून येतो म्हणाला. त्याच भरतीला निघेल हे मला काय ठाऊक? त्याचेच सदरे धूत होते मी. दोरीवर घातले आणि मग निरोप आला, अर्नी गेला बोटीवर म्हणून."

लाँड्रीतलं गाठोडं सिरिलला आता कळलं.

"मेव्हिसने धुतले, त्या चादरीपायीच तू मागे राहिलास, आणि आज इथे माझ्यासमोर उभा आहेस," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे कपड्यांनी कुणी बुडत नाही, सिरिल. आणि मी समजत होते, मीच त्याला बुडवला." मग ती खूप रडली.

"ओलिव्ह, मला माफ..."

"ते मागू नकोस. देता येणार नाही मला. पळालास तो पळालासच." तिने डोळे पुसले. "पण हे सांगायला घशात काय काटा अडकला होता तुझ्या? आणि अर्नी गेल्यापासून या घरात मासा शिजलेला नाही. तुझे सगळे कॉड शेजारणीने खाल्ले. गुरुवारी ये. रिकाम्या हाताने ये."

गुरुवारी तो गेला. हातात काही नाही म्हणून त्याला उघडं पडल्यासारखं वाटत होतं. ओलिव्ह मागच्या अंगणात होती, तोंडात चिमटे धरून, पाणी निथळणाऱ्या चादरीशी झटत. त्याला पाहून तिने चिमटे हातात घेतले.

"बघतोस काय? ते टोक धर."

सिरिल जागीच थबकला. मग पुढे होऊन त्याने आखडलेल्या बोटांनी ओल्या चादरीचं टोक धरलं.