मिटल्या डोळ्यांचा फोटो

फोटो स्टुडिओ ताईच्या भावाचा होता. पण शाळांची कामं आपल्या जिवावर चालतात, असं ताईचं ठाम मत होतं आणि भाऊही ते कधी खोडून काढत नसे. तो वर्गावर्गात जाऊन मुलांचे ओळखपत्रासाठी फोटो काढून आणी. कॅमेरा प्रत्येक फोटोला नुसता आकडा द्यायचा. तो आकडा पुसून तिथं मुलाचं नाव आणि तुकडी लिहायची, हे काम ताईचं. काउंटरमागच्या अरुंद खोलीत पाठीशी उशी घेऊन ती एकेक नाव टाइप करत बसे. भाऊ म्हणे, "ताई, तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं." एवढ्यावर तिचा शीण जाई.

भावाचं लग्न झालं. भावजयीनं काही दिवस तिचं टाइपिंग नुसतं पाहिलं आणि एके दुपारी म्हणाली, "ताई, याच्यासाठी फुकट प्रोग्राम मिळतो. टाकू का?"

"टाक की. फुकटचं किती टिकतं तेही बघू."

भावजयीनं शाळेची यादी प्रोग्रामला दिली, फोटो दाखवले आणि बटण दाबलं. यादीतलं पहिलं नाव पहिल्या फोटोला, दुसरं दुसऱ्याला, अशी अख्ख्या तुकडीची नावं एका दमात बदलली. भाऊ हातातलं काम टाकून बघायला आला. "कमाल आहे! आणि ताई, तू इतकी वर्षं उगाच मान मोडून घेतलीस."

उगाच! तो शब्द ताईच्या काळजात रुतून बसला. त्या दिवसापासून तिला भावजयीचं काहीच गोड लागेना. तिचं हसणं सलायचं, खुर्ची पुढं ओढून बसणं सलायचं. भाऊ "अगं, इकडे ये जरा" अशी हाक मारी, तेव्हा ताई सवयीनं उठे आणि हाक आपल्याला नाही हे कळून पुन्हा खाली बसे.

पुढच्या शाळेचे फोटो आले. भावजय जेवायला घरी गेली होती. तिनं डोळे मिटलेले, हललेले फोटो वेगळे काढून ठेवले होते. ताईनं त्यातला एक उचलून रांगेत वरच्या बाजूला घातला आणि संख्या जुळावी म्हणून शेवटच्या मुलाचा फोटो काढून टाकला. भावजयीनं परत येऊन नेहमीसारखं बटण दाबलं.

ओळखपत्रं छापून गेली आणि शाळेतून फोन आला. दोन वेण्यांच्या मुलीखाली मुलाचं नाव, मुलाखाली भलत्याच मुलीचं. भाऊ बायकोवर बरसला, "ताईच्या हातून असं एकदाही झालं नव्हतं." ताई खाली मान घालून ऐकत होती. तिला गार वाटलं, अगदी मनापासून.

भाऊ शाळेत माफी मागायला गेला. भावजयीनं फोटो उघडले, वरून खाली पाहिले आणि थांबली.

"ताई, हा मिटल्या डोळ्यांचा मी बाजूला ठेवला होता."

"मला काय माहीत?"

"मी त्यांना सांगणार नाही," भावजय हळू आवाजात म्हणाली. "पण उद्यापासून नावं तुम्हीच द्यायची, याच प्रोग्रामनं. मी शिकवते. मला या खोलीत बसायची हौस नाही हो. मला यांच्याबरोबर बाहेर फोटो काढायला जायचंय."

ताईला नाही म्हणायला तोंड नव्हतं. ती शिकली. पटकन शिकली, याचंही तिला नवल वाटलं. खुर्ची परत तिची झाली.

आता सकाळी दोघं कॅमेऱ्याची बॅग मध्ये ठेवून स्कूटरवरून निघतात. वळणावर भावजय त्याच्या खांद्यावर हात ठेवते, ते ताईला काउंटरवरून दिसतं. तिचं सगळं काम चहा निवायच्या आत उरकतं. मग दिवसभर दुसरं काही नसतं. ती बसून राहते, आणि ती दोघं आत्ता कुठं असतील, कशावर हसत असतील, याचाच विचार करते.