नवव्या प्रकरणातला बलिराम

अनसूयाबाईंना वाचून दाखवा म्हणून आग्रह करावा लागत नसे. छत्तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत वाचून दाखवलं, आणि उन्हाळ्यात दिरांची मुलं इंदूरकडच्या, माधव नगरच्या घरी जमली की दुपारभर ‘कोहरकोट का दरवाज़ा’. पुस्तक हिंदी, जाडसर, बस स्टँडवर मिळतं तसलं. हिंदी ओळीवरून नजर फिरवायची आणि तोंडातून मराठी काढायचं, ही बाईंची खुबी. मुलांना वाटे, पुस्तक मराठीच आहे.

बर्फात गस्त घालणारी फौजेची तुकडी धुक्यात शिरते आणि बाहेर पडते ती कोहरकोटात. तिथे झाडं जागा बदलतात, नदीला हाक मारली की ती थांबते. तिथली राणी म्हणते, तुमच्या बंदुका आमच्यासाठी चालवा. समोर पंखांची माणसं. मग लढाई. मुलं उशा घेऊन एकमेकांवर तुटून पडत.

त्यातलीच एक पुतणी अमृता. ती आता पुण्यात असते. परवा तिचा फोन आला. “काकू, ते कोहरकोट माझ्या लेकीला हवंय. तुमच्याच आवाजात. मोबाईलवर भरून पाठवा ना. सगळ्या भावंडांनाच पाठवते, मंदारदादा तर वेडा होईल.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बाईंनी मोबाईल डब्याला टेकवून उभा केला आणि सुरुवात केली. पलंगावर त्यांचे यजमान प्रभाकरराव मटार सोलत होते. मधुमेहाने नजर गेल्यापासून अशी कामं ते बोटांनी करत. मध्येच एखादा दाणा तोंडात टाकत.

आठवं प्रकरण संपलं. बाईंच्या अंगठ्याने सवयीने सहा पानं एकदम उलटली. बाकीचं पुस्तक हाताळून मळलेलं, कोपरे गेलेले. ही सहा पानं मात्र कोरी करकरीत. बाई पुढची ओळ वाचू लागल्या.

“बलिराम राहिला,” प्रभाकरराव म्हणाले.

बाई थांबल्या. मोबाईलवरचे आकडे पुढे सरकत होते.

“अहो, तुम्हाला काय माहीत मी सोडते ते?”

“दर उन्हाळ्यात इथंच तर बसलेला असायचो.”

त्यांच्या सुरात तक्रार नव्हती. देवास गेटच्या बस स्टँडवर पूछताछीच्या खिडकीत सत्तावीस वर्षं बसलेला माणूस. इंदूरची गेली, आगरची लागली आहे, अशा सुरात त्यांनी ते सांगितलं.

लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा प्रभाकरराव फौजेत भरती झाले. साऱ्या गल्लीत पेढे वाटले गेले. अकराव्या आठवड्यात ते काळी ट्रंक घेऊन दारात उभे. गवत भरलेल्या पोत्यात संगीन खुपसायची, ओरडत धावायचं. “मला नाही जमत,” एवढंच ते म्हणाले. वीस वर्षांच्या अनसूयाबाईंनी पाणी दिलं नाही. विचारलं, “आता लोकांना काय सांगू?” आणि उत्तरही स्वतःच शोधलं. शेजारच्या जयूवहिनींना संध्याकाळी अंगणात सांगितलं, पायांचे तळवे सपाट निघाले, डॉक्टरांनी परत पाठवलं. प्रभाकरराव आत ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते बाहेर पडले ते किंचित लंगडत. सपाट तळव्याचा माणूस लंगडत नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दोनेक महिन्यांनी लंगडणं थांबलं, पण पायाची चौकशी थांबली नाही. लग्नात, मुंजीत, दिवाळीत कुणी ना कुणी विचारी, पाय कसा आहे? “ठीक,” ते म्हणत. बाई तेवढ्यापुरत्या दुसरीकडे बघत.

हे पुस्तक त्यांनीच आणलेलं, परत आल्यावर तीन वर्षांनी. आयुष्यात बायकोला दिलेलं एकुलतं एक पुस्तक. “नववं प्रकरण बघ,” म्हणाले होते. बाईंनी बघितलं होतं. शिपाई बलिराम नेम धरतो आणि समोर एक पंखांची आई लेकराच्या पंखांतल्या काड्या काढत बसलेली दिसते. तो रायफल खाली ठेवतो आणि एकटा धुक्यातून परत जातो. पुस्तक मिटून बाई म्हणाल्या होत्या, “मुलांना हे आवडायचं नाही.”

“बराबर,” ते म्हणाले होते, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

मोबाईल बंद करून पुन्हा सुरू करता आला असता. प्रभाकररावांचा आवाज पुसला गेला असता, कुणाला कळलंही नसतं. बाईंचा हात तिकडे गेला. मग त्यांनी सहा पानं मागे उलटली.

त्या हळू वाचत होत्या. मराठी शब्द पहिल्यांदाच शोधावे लागत होते. बलिराम घरी पोचतो, आई चुलीपाशी असते, वर बघते. इथे बाईंना पुढचं काढता येईना.

“हाथ धो ले, थाली लगा दी है,” पलंगावरून हिंदीतच ओळ आली. प्रभाकररावांच्या हातातली शेंग तशीच होती.

“हात धुऊन घे. पान वाढलंय,” बाई म्हणाल्या.

चार दिवसांनी अमृताचा फोन. बाईंनी तो स्पीकरवर टाकला.

“काकू, बलिरामचं प्रकरण आमच्या वेळी नव्हतं. तुम्ही नवीन जोडलंत ना?”

“होतं. मी वाचत नव्हते.”

“का हो?”

बाई पुस्तकाचं कव्हर पदराने पुसू लागल्या. अमृताने मग नेहमीचं विचारलं, “बरं, काकांचा पाय कसा आहे?”

“ठी...” प्रभाकररावांनी सुरुवात केली होती.

“त्यांच्या पायाला काही झालेलं नव्हतं, अमृता,” बाई म्हणाल्या. “कधीच नव्हतं. ते खोटं मी सांगितलं होतं.”

पलीकडून अमृताने लेकीला काहीतरी हळू सांगितल्याचा आवाज. प्रभाकररावांनी पाय पलंगावर वर घेतले आणि धोतराखाली झाकले, जणू कुणी बघत होतं.