हरी ‘येतो’ म्हणाला

फौजेतल्या आमच्या कंपनीत मुंबईचे आम्ही तिघेच. मी लालबागचा, दिलीप दादरचा आणि हरी शीव कोळीवाड्याचा. गिरणी संपाचा दुसरा हिवाळा होता. कंपनी उत्तरेच्या सरहद्दीवर, बर्फात होती. खाली बेसवर रेडिओ ऑपरेटर मी. वर शेवटच्या पोस्टवर दिलीप. मधल्या तंबूत हरी आणि त्याचा सेट. लोक विचारतात, बर्फात मजा असेल ना? मजा, डोंबलाची! पण खोटं कशाला बोलू, कधीकधी यायची.

सकाळी साडेपाचला उठायचं, फावड्याने दारातला बर्फ काढायचा, त्यातलाच वितळवून चहा करायचा. सातला रेडिओ चेक. सेटवर हिंदीच बोलायचं, असा नियम. पण साहेब लांब असले की हरीचं मराठी सुरू.

“अरे, आई मासळीवर टाकायला रोज बर्फ विकत घेते. आणि इथं बघ, फुकट!”

“मग पाठव ना पार्सल,” मी म्हणालो.

वरून दिलीप हसला आणि हसता हसता खोकला. खोकला दोन दिवसांचा होता, कोणी मनावर घेतला नाही.

दहा वाजता हवा फिरली. हरीचा जोडीदार रेशन न्यायला खाली आला होता, तो आमच्याकडेच अडकला. साडेअकराला पाच पावलांवरचा माणूस दिसेना. वर कुठलं, खाली कुठलं, काही समजत नव्हतं. दुपारी एक वीसला हरीचा आवाज आला, तुटक.

“दिल्याला दम लागलाय... औषध... येतो रे मी.”

“हरी, कुठे? ओव्हर.”

सेटवर नुसती खरखर. सुभेदारसाहेब मागे उभे होते.

“क्या बोला?”

“आ रहा है, साब. नीचे, दवाई लेने.”

हे ‘नीचे’ माझं. हरी ते बोललाच नव्हता.

सहा जण दोराला बांधून निघाले. अडीच तास त्यांनी तंबूच्या खालची वाट शोधली. शिट्ट्या मारल्या, काठ्यांनी बर्फ टोचून पाहिला. मी सेटवर हाका मारत होतो. चार वाजता वरची पोस्ट अचानक लागली. दिलीपला धड बोलता येत नव्हतं.

“हरी औषध घेऊन निघतो म्हणाला होता. अजून पोचला नाही रे.”

औषधाची पेटी हरीच्या तंबूतच असते, हे मला ठाऊक होतं. बाप रे, ठाऊक होतं!

पाच दहाला तो सापडला. तंबूच्या वर, दोनशे पावलांवर, घसरलेल्या बर्फाखाली. पेटी कोटाच्या आत. अंगात थोडी ऊब होती, असं नर्सिंग असिस्टंट म्हणाला. त्याने ते म्हणायला नको होतं. औषध पुढे नेलं, दिलीप वाचला.

चौकशीत मेजरसाहेबांनी विचारलं, “शब्द क्या था?”

“येतो, सर. मतलब, आता हूँ. पर हमारे यहाँ जाते वक्त भी यही बोलते हैं. ‘जातो’ बोलना अशुभ मानते हैं.”

“तो आते वक्त क्या बोलते हो?”

“आलो, सर.”

“उसने ‘आलो’ बोला था?”

“नहीं, सर.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला दोष कोणी दिला नाही. घरातून निघताना जन्मभर मीही ‘येतो’च म्हणत आलो. मग त्या दिवशी माझ्या कानाला काय झालं? अजून कळत नाही. स्वतःचा संताप येतो, दुसरं काय.

मार्चमध्ये सुट्टी मिळाली. गिरणी बंद, भर दुपारी वडील घरात बसलेले, हे मला नवीन होतं. तिसऱ्या दिवशी शीव कोळीवाड्यात गेलो. मावशीची, म्हणजे हरीच्या आईची, पाय धरून माफी मागायची असं ठरवून गेलो. ती कोलंबी सोलत होती.

“शेवटाला काय बोलला रे माजा पोर?”

“येतो म्हणाला, मावशी.”

तिने कोपराने डोळे पुसले. “म्हणजे सांगून गेला.”

तिला एका क्षणात कळलं. माझं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिने जेवायला वाढलं, मी जेवलो.

पुढे दर सुट्टीला गेलो, दर वेळी ठरवून गेलो. मावशीही गेली, पण मी बोललो नाही. लान्स नायक हरिश्चंद्र कोळी मित्राला औषध द्यायला वर गेला होता. आम्ही त्याला खाली शोधत होतो, माझ्या सांगण्यावरून.