सबनीसकाकांचा पक्ष

सबनीसकाका गेल्याचा फोन पुण्याहून आला तेव्हा मी शारजाच्या ऑफिसात होते. मालतीकाकू एवढंच म्हणाल्या, "सुनंदा, मसूदभाईंना तू सांग. मला नाही जमणार." मी टॅक्सी करून अजमानला गेले. मसूदभाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि न विचारताच खुर्चीत बसले. "मैं जाऊंगा," म्हणाले... पाकिस्तानी पासपोर्टवर इतक्या घाईने भारताचा व्हिसा मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी ते वकिलातीच्या रांगेत उभे राहिले. तोवर पुण्यात सगळं आटोपलं होतं.

दिनकर सबनीस शारजात आमच्या वरच्या मजल्यावर राहत. रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात इंजिनिअर. तिथेच लाहोरचे मसूदभाई त्यांना भेटले. काका तरुणपणापासून मुंबईतल्या एका छोट्या उदारमतवादी पक्षाचे सभासद, मसूदभाई तिकडच्या तशाच पक्षाचे. दोन्ही पक्षांची डिपॉझिटं दर निवडणुकीत जप्त व्हायची, यावर दोघं खदखदून हसत. मग काकांना ध्यास लागला: खुला व्यापार, मोकळा प्रवास, एवढ्या दोनच गोष्टींवर या पक्षांनी एकत्र निवेदन काढावं. जगभरचे उदारमतवादी पक्ष एकमेकांना धरून असतात, मग आपणच का नाही? वर्षभर फॅक्स चालले. दोन्हीकडचा एकेक ज्येष्ठ नेता दुबईला यायचं ठरलं. इथे राजकीय सभा घेता येत नाही, म्हणून काकांकडे घरगुती जेवण. काकूंनी पुरणपोळीचा बेतही ठरवला.

आणि सीमेवर लढाई पेटली.

मुंबईहून फोन आला तेव्हा मी काकूंकडेच बसले होते. येणं रद्द झालं होतं, शिवाय निवेदनाच्या मसुद्यावरची तुमची सही मागे घ्या, असा काकांना निरोप होता. काका शांतपणे म्हणाले, "बाजार खुला हवा, माणसं मात्र बंद? मी सही काढणार नाही." पक्षाने त्यांनाच काढलं. लाहोरहून तर उत्तरच आलं नाही. वीस वर्षं ज्यांना आपली माणसं मानलं, त्यांनी काकांना देशद्रोही ठरवलं. ते कोणावर चिडले नाहीत, पण कित्येक आठवडे पेपर उघडत नव्हते. ठरल्या दिवशी काकूंनी पुरण घातलंच. जेवायला मसूदभाई एकटे आले. निघताना ते म्हणाले, "दिनकरभाई, अब हम दोनों ही पार्टी हैं." त्या फोननंतर काका पहिल्यांदाच हसले.

निवृत्तीनंतर काका पुण्याला गेले. कुठल्याच पक्षात पुन्हा गेले नाहीत. ते गेल्यावर त्या जुन्या पक्षाने शोकसभा घेतली, 'निष्ठावंत कार्यकर्ता' म्हटलं. काकू गेल्या नाहीत.

गेल्या महिन्यात मी पुण्याला जाऊन आले. निघताना काकूंनी एक निळा स्वेटर हातात दिला. कारखान्याच्या एसीत काका तो बारमाही घालत. "त्यांना दे," म्हणाल्या. मसूदभाई काकांपेक्षा वीतभर उंच. अजमानच्या त्या उकाड्यात, माझ्यासमोरच त्यांनी तो अंगात घातला. बाह्या मनगटापर्यंत पोचेनात. त्या ते खाली ओढत राहिले.

"तंग है," म्हणाले, "पर उतारूंगा नहीं."