कॅचरच्या पँटवरचे पांढरे डाग

सान रुफिनोच्या बेसबॉल संघाचा इतिहास क्लबच्या कपाटात आहे, पण त्याहून जास्त भरवशाचा इतिहास एदुविहेसच्या डोक्यात आहे; तिला सगळे आदराने दोन्या, म्हणजे बाई, म्हणतात. साखर कारखान्याच्या ऊसतोड्यांनी काढलेला हा संघ, म्हणून नाव कोयतेवाले. १९५२ साली खेळाडूंना पगार सुरू झाला आणि त्याच आठवड्यात अठरा वर्षांची एदुविहेस त्यांचे कपडे धुवायला लागली. पहिलं विजेतेपद मिळालं तेव्हा गणवेश लोकरीचे होते, वाळायला दोन दिवस घ्यायचे, असं ती सांगते. वादळात स्टेडियमचं छप्पर उडालं त्या वर्षी मैदानावर बाहेरून आणलेली लाल माती टाकली होती. कपड्यांवरून ती कशानेच निघाली नाही. कोण खरंच घसरत जाऊन बेस गाठतो आणि कोण नुसता धूळ झटकल्याचं नाटक करतो, हे तिला पँट हातात घेतल्यावर कळायचं.

एकतिसाव्या हंगामात कोयतेवाले हरत सुटले. समोरच्या फलंदाजाला पुढचा चेंडू कसा येणार ते आधीच ठाऊक असायचं. म्हणजे कॅचर फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून मांड्यांच्या आडोशाला बोटांनी चेंडू टाकणाऱ्या पिचरला जी खूण करतो, ती फुटत होती. व्यवस्थापक फेर्मिन ब्रेआने तीनदा खुणा बदलल्या. तरी फुटल्या.

मैदानाच्या दिव्यांचं काम माझ्याकडे होतं. त्या शुक्रवारी सकाळी मी धुणंघरातली तार बदलत होतो, तेव्हा फेर्मिन आत आला.

"दोन्या, खुणांच्या चिठ्ठ्या पोरं खिशात विसरतात ना?"

"विसरतात. आणि मी परत देते. तुझ्या बायकोला सापडू नयेत अशा चिठ्ठ्यासुद्धा परत दिल्यात."

फेर्मिन हसला नाही. "तुमची मुलगी ला कालेतात दिलीय. दर सोमवारी जाता तुम्ही. आणि सगळ्यात जास्त मार आपण ला कालेताकडूनच खाल्लाय."

"सरळ बोल की."

"रविवारच्या सामन्यापर्यंत बघतो. नाहीतर सोमवारपासून कपडे बाजारातल्या मशीनवाल्याकडे जातील."

तो गेल्यावर तिने नळ बंद केला. मग तिने कालचे सगळे कपडे जमिनीवर पसरले आणि एकेक उलटून बघायला लागली. माझ्याकडेही तिने असं पाहिलं की मी शिडीवरून म्हणालो, "मला खुणा कळत नाहीत, दोन्या. दिवे कळतात."

"दिवेवाल्याला वरून सगळं दिसतं," ती म्हणाली.

कॅचर आन्सेल्मोच्या पँटपाशी ती थांबली. आमचे दिवे मंद, म्हणून बोटं पिचरला दिसावीत यासाठी कॅचर नखांना बुटाचं पांढरं पॉलिश लावतात. ते मांडीच्या आतल्या बाजूला लागतं. सहा वर्षं आन्सेल्मोचे डाग जांघेजवळ होते. आता ते वीतभर खाली, गुडघ्याजवळ आले होते. इतक्या खाली हात गेला तर मांडीचा आडोसा राहत नाही. पहिल्या बेसजवळ उभ्या असलेल्या परक्या प्रशिक्षकाला बोटं मोजता येतात.

"विकला गेला मेला," ती पुटपुटली.

दुपारी आन्सेल्मो कपडे न्यायला आला. संघातली पोरं तिला आईच म्हणायची. तिने पँट त्याच्यापुढे धरली. "किती दिले रे त्यांनी?"

"कोणी?"

"दारात का उभा? आत ये."

उंबऱ्याला दोन पायऱ्या होत्या. त्याने आधी डावा पाय वर टाकला, कठडा धरला आणि उजवा पाय मागून ओढून घेतला. दुसऱ्या पायरीलाही तसंच. एदुविहेसने पँट खाली केली.

"गुडघा वाकत नाही?"

"अर्धा वाकतो. पाय फाकवून बसावं लागतं, मग हात आपसूक खाली जातो." मग त्याने आवाज उतरवला. "आई, फेर्मिनला कळलं तर मला त्याच दिवशी गावाच्या बसमध्ये बसवेल. हंगामाचे पाच आठवडे राहिलेत. तेवढे खेळू दे."

"आणि चोर मी?"

त्याने तिच्या हातातून पँट घेतली.

"तू जाऊन सांग. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघते."

शनिवारी संध्याकाळी त्याने काही सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळच्या सरावात तिने फेर्मिनला हाताला धरून पहिल्या बेसपाशी उभं केलं. "आता बघ त्याच्याकडे. बोटं मोज."

फेर्मिनने मोजली. दोन. मग एक. मग चार. तो शिवी देऊन खालीच बसला.

"आता संशय माझ्यावर घेतला होतास ते सगळ्यांसमोर बोल," ती म्हणाली. तो बोलला, टोपी हातात घेऊन, अगदी दोन वाक्यं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सामन्याला दुसराच कॅचर बसला.

आन्सेल्मो पिशवी घेऊन धुणंघरावरून जाताना थांबला.

"आजचा सामना तरी खेळू द्यायचा होता, आई."

"मलाही आजपर्यंतच मुदत होती," एदुविहेस म्हणाली आणि त्याचा वाळलेला शर्ट घडी करून त्याच्या पिशवीत ठेवला.