पाणी जिवंत हाय, लिहा

माझ्या विहिरीच्या कठड्यावर ग्रामपंचायतीच्या माणसानं लाल फुली मारली आणि खाली लिहिलं, 'पिण्यास अयोग्य'. मी रानात होतो. आलो तेव्हा रंग ओला होता. बोटानं पुसायला गेलो तर फुली जास्तच पसरली. तेवढ्यात शेजारची सून रिकामी घागर घेऊन आली, फुली बघितली, माझ्याकडं बघितलं आणि माघारी फिरली. सगळी वस्ती इतकी वर्षं ज्या विहिरीवर जगली, तिच्याकडं आता लोक नुसतं बघून पुढं जायला लागले.

हे सगळं त्या बाटल्यावाल्या पोरीचं काम, हे मला ठाऊक होतं. विद्यापीठात शिकणारी पोरगी. उन्हाळ्यात आमच्या माळावर आली होती. बंद पडलेल्या दगडखाणींचं पाणी ओढ्यातून नदीपर्यंत काय काय घेऊन जातं, याचा तिचा अभ्यास. पाणलोटाचा अभ्यास म्हणे.

"बाई," मी तिला म्हणालो, "पाणी कुटनं कुटं लोटतं ते कागदावर न्हाय कळत. माज्यामागं ये."

अर्धं आयुष्य मी त्या खाणींत सुरुंग लावले. शाळा चौथीत सुटली, पण कुठला दगड कुठल्या अंगानं फुटणार हे मला पहारीच्या आवाजावरून कळतं. शिकलेल्यांना विचारा, कळतं का.

आमच्या माळावरच्या पाचही खाणी दाखवल्या. ती दोरीनं बाटली सोडायची, भरून काढायची, वर चिठ्ठी चिकटवायची आणि मी जे बोलेन ते कागदावर उतरवायची. वरच्या खाणीपाशी मी सांगितलं, "ही मेलेली. हिला झरा न्हाय, वाट न्हाय. पावसाचं पाणी साठतं, उनानं आटतं." त्या खाणीत शहरातले टेंपो येऊन रंगाच्या कारखान्यांचा गाळ आणि फुटक्या बॅटऱ्या ओतून जायचे. वस्तीवरच्या कुणी तक्रार केली की मीच गप्प करायचो, "मेलेल्या खाणीतलं कुटं जातंय?"

मग तिला खाली माझ्या विहिरीवर आणलं. तांब्याभर पाणी पाजलं आणि म्हणालो, "पाणी जिवंत हाय, लिहा." विहिरीची हकीकतही सांगितली. मी ती सगळ्यांनाच सांगतो. विहीर खणली तेव्हा ठणठणीत कोरडी होती, लोक हसले. पुढं वरच्या खाणीत मी शेवटचा सुरुंग लावला, जमीन हादरली आणि आठ दिवसांत विहिरीत पाणी. माझ्या हातचं पाणी आहे ते. पोरीनं तेही लिहून घेतलं.

आणि वर ही फुली! चार दिवस मी मुद्दाम सगळ्यांसमोर त्या कठड्यावर बसून पाणी प्यालो. पाचव्या दिवशी बघतो तर बायकोही विहिरीवरनं भरलेल्या घागरीतलंच पीत होती. पोराच्या घरून टँकरचं पाणी आलेलं, तिनं त्याला हात लावला नव्हता.

"तू कशाला पितीस?"

"तुमी पिताय न्हवं? मग मी काय येगळी हाय?" ती मैंदर्गीकडची, चिडली की कानडीत शिरते. "साकु!" म्हणजे पुरे. "ह्यो हट्ट पुरं झाला. जावा आनि इचारून या."

गेलो. शहरात सात रस्त्याच्या चौकात एसटीतून उतरलो, तिथून विद्यापीठापर्यंत रिक्षा केली. पोरगी तिच्या बाटल्यांच्या खोलीत होती. तिनं खुर्ची दिली, मी बसलो नाही. "माजा कागद काढा."

तिनं काढला आणि वाचला. 'पाण्यात सजीव आहेत, असे मालक सांगतात.'

माझं डोकंच फिरलं. "आवं बाई, जिवंत म्हंजी किडं न्हाईत! जिवंत म्हंजी झरा चालू हाय, उपसलं तरी पानी येतंय!"

ती आधी हसली, मग तिचे कान लाल झाले. "चुकलं आजोबा." तिनं ती ओळ खोडली.

"मग फुली बी खोडा."

"फुली या ओळीमुळं नाही मारलेली. बाटलीत शिसं निघालंय."

"शिसं? पानी तर साखरंवानी गोड हाय."

"शिशाची चव कळत नाही, आजोबा."

"बाटल्या बदलल्या आसतील."

"दोनदा तपासलं. वरच्या खाणीत जे निघालं तेच तुमच्या विहिरीत आहे. पण तुम्ही म्हणता, तिला वाट नाही. मग ते येतं कुठून? मला तर काही..." बोलता बोलता तिचं बोट पुढच्या ओळीवर आलं आणि ती सहज वाचत गेली, "वरच्या खाणीतल्या शेवटच्या सुरुंगानंतर आठ दिवसांत विहिरीला पाणी लागले."

ती थांबली. मी खुर्चीत बसलो.

जन्मभर दगड फोडणाऱ्याला एवढं कळू नये? सुरुंगानं खाणीचा तळ चिरला होता. उन्हानं आटतं म्हणत होतो ते पाणी त्या चिरेतून माझ्या विहिरीत उतरत होतं. मेलेली खाण आणि जिवंत विहीर, दोन्ही नावं मीच ठेवली होती.

"हे खोडू का?" पोरीनं हळूच विचारलं.

"ऱ्हाऊ दे. ते खरं हाय."

घरी आलो तर बायको घागरीतून तांब्या भरत होती. मी तो हातातून घेतला आणि लिंबाच्या बुडात ओतला.

"आवं, काय झालं?"

"साकु," मी म्हणालो. मग घागरही ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन वरच्या खाणीवर गेलो आणि टेंपोच्या वाटेत दोन मोठे धोंडे लोटून ठेवले. कमरेनं आठवडाभर त्याची आठवण दिली. त्याच दुपारी टेंपो आला.

"ओ आजोबा, धोंडं काढा की! खाण काय तुमची हाय का?"

"व्हय. माजीच हाय."

शिव्या देत ड्रायव्हरनं टेंपो वळवला आणि पलीकडच्या माळाकडं गेला. तिकडंही एक बंद खाण आहेच. मी पोरीला फोन लावला आणि म्हणालो, "बाई, अजून एक कागद घेऊन ये. आनि ह्या टायमाला मी काय सांगतोय ते नीट इचारून लिव."